एकट्याचे चाकांवरील घर : निवड कशी करावी?

व्यापार आणि प्रवास यांचे नाते फार जुने आहे. पेढी एका गावी आणि गिऱ्हाईक दहा गावी, अशी स्थिती असली म्हणजे व्यापाऱ्याचे अर्धे आयुष्य वाटेवरच जाते. पूर्वी धर्मशाळा होत्या, पुढे लॉज आले. आता ज्यांची मुलेबाळे मार्गी लागली आहेत व जे एकटे उरले आहेत, अशा कित्येकांच्या मनात एक नवा विचार येतो. पिकअप गाडीच्या हौद्यावर लहानशी खोली बसवून तिच्यातच का राहू नये? पाणी आपले गाळलेले, स्वयंपाक आपल्या हातचा, जेवण सूर्यास्तापूर्वीचे. आणि खोली उतरवून ठेवली की तीच गाडी मालवाहतुकीस मोकळी. विचार मोहक आहे, परंतु त्यात भांडवल आणि जीव अशा दोन्ही गोष्टी पणास लागतात. म्हणून त्याचा नीट हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

फिरत्या संसाराची कल्पना सावलीच्या भूमीस नवखी नाही. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा वध झाला आणि त्यांच्या देहावर अग्निसंस्कार झाला तो सावलीस. त्या काळची फौज तंबू-राहुट्यांच्या रूपाने आपले घर बैलांच्या आणि उंटांच्या पाठीवर घेऊन चालत असे. गाडियालोहारांची कुटुंबे तर पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतच नांदली. आज याच सावलीत मेट्रो रेल्वेचे डबे तयार होतात. २००८ मध्ये बाँबार्डियर कंपनीने सुरू केलेला तो कारखाना २०२१ पासून अल्स्टॉमकडे आहे. डब्याच्या वजनात जितकी काटकसर, तितकी विजेची बचत, हे तेथील अभियंत्यांस सांगावे लागत नाही. चाकांवरील घर घेणारानेही हाच धडा प्रथम गिरवावयास हवा.

गाडीची भारक्षमता म्हणजे आपले भांडवल होय, आणि खोलीत ठेवलेली प्रत्येक वस्तू म्हणजे खर्च. समजा, १३०० किलो भार वाहणारी पिकअप घेतली. अंदाजाने खतावणी अशी होईल : खोलीचा सांगाडा, पत्रा, दारे-खिडक्या ६०० किलो, पलंग, कपाट, ओटा १२०, पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो, बॅटरी व सौर तावदाने ७०, गॅसची भरलेली टाकी ३०, कपडे, भांडी, धान्य, वह्या १००, हत्यारे व जादा चाक ५०, आणि स्वतः चालक ७०. एकूण ११४० किलो. शिल्लक १६०, म्हणजे जेमतेम एक-अष्टमांश. एवढी शिल्लक राखलीच पाहिजे, कारण संसार वाढत जातो, घटत नाही. २००५ मध्ये आलेला ‘छोटा हत्ती’ साधारण पाऊण टन भार वाहतो. त्याच्या पाठीवर हीच खोली ठेवणे म्हणजे दिवाळखोरीस आमंत्रण होय. फरक इतकाच की ही दिवाळखोरी घाटाच्या उतारावर, ब्रेक लागेनासे झाल्यावर जाहीर होते. गृहस्थाने आपल्या संग्रहास मर्यादा घालावी, हा परिग्रह-परिमाणाचा उपदेश येथे अक्षरशः जीव वाचविणारा ठरतो.

एकूण वजनाइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. खोलीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या किंचित पुढे यावा. तो मागे गेला तर पुढील चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. म्हणून पाण्याची टाकी व बॅटरी खाली आणि पुढच्या बाजूस असाव्यात. खोली तयार झाली की सर्व सामान भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि पुढच्या-मागच्या आसांचे वजन वेगवेगळे करून घ्यावे. कारागिराच्या तोंडी हमीपेक्षा काट्याची पावती अधिक विश्वसनीय.

वैशाखातील उन्हाचाही विचार हवा. बारा व्होल्टच्या १५० अँपिअर-तास बॅटरीत सुमारे १८०० वॅट-तास वीज मावते. हजार वॅट ओढणारे वातानुकूलन यंत्र तिच्यावर दोन तासही चालणार नाही. तेव्हा छताला उष्णतारोधक थर, समोरासमोर खिडक्या, आणि गाडी उभी करण्यास झाडाची सावली, हेच खरे उपाय. गॅस हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र ठेवावे. शेगडी पेटती ठेवून निजणे तर प्राणघातकच. एकट्या माणसास वेळेवर जागे करणारा कोणी नसतो.

एकटेपणाचा आणखी एक पैलू आहे. हौद्यावरील खोलीतून चालकाच्या आसनावर जाण्यास बाहेर उतरावे लागते. रात्री अपरात्री दारावर थाप पडली, तर न उतरता गाडी हाकून निघून जाता येत नाही. म्हणून एकट्या स्त्रीने किंवा वयस्क गृहस्थाने फोर्स ट्रॅव्हलरसारख्या एकसंध गाडीचा विचार आधी करावा. मालवाहतुकीची निकड असेल त्यानेच उतरविता येणारी खोली पसंत करावी.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. निवासी मोटारींसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. तेव्हा आधी परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, मगच सुताराला इसार द्यावा.

अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याने १९६० मध्ये पिकअपवर अशीच खोली बसवून, सोबतीस केवळ एक कुत्रा घेऊन आपला देश पालथा घातला. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याने गाडीचे नाव ‘रोसिनान्ते’ ठेवले होते; ती आज कॅलिफोर्नियातील सॅलिनास येथील संग्रहालयात आहे. परंतु हे ध्यानात ठेवावे की तो काही महिन्यांचा प्रवास होता, आणि परतण्यास त्याचे घर उभे होते.

व्यापाऱ्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. जीएसटीच्या नोंदणीस व्यवसायाचे मुख्य ठिकाण दाखवावे लागते. बँक पत्ता विचारते. आणि बाजारात पत टिकते तीही पत्त्याच्याच आधारे. म्हणून राहते घर विकून त्या पैशात गाडी घेण्याची घाई कोणी करू नये. प्रथम अशी गाडी भाड्याने घेऊन महिनाभर, शक्य तर उन्हाळ्यात, राहून पाहावे. त्या महिन्यात ज्या वस्तूंना हातही लागला नाही, त्यांची यादी करावी आणि त्या वगळून उरलेल्यांना पुरेल एवढीच खोली बांधावी. घर लहान असण्यात कमीपणा नाही. जमेपेक्षा खर्च अधिक असण्यात मात्र निश्चित आहे, मग तो खर्च रुपयांत मोजा वा किलोत.