परमिशन डिनाइड आलं? म्हणजे दारापर्यंत तरी पोचलात

वाचणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. रेकॉर्डिंगमध्ये कमांड सांगताना मी अक्षरं सुटी सुटी उच्चारली होती. इथेही तशीच ठेवली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीत, लहान लिपीत आणि सलग टाइप करायची.

आजचा भाग एका मेसेजमुळे झाला. आपला एक श्रोता इथेच माणमध्ये पीजीत राहतो, फेज ३ मध्ये ट्रेनिंगला जातो. रात्री साडेअकराला त्याचा व्हॉइस मेसेज आला: "ताई, क्लाउडवर छोटी वेबसाइट टाकलीय, चार तास झाले, ४०३ फॉरबिडन येतंय. उद्या डेमो आहे. सगळे म्हणतायत ७७७ मार आणि मोकळा हो. मारू का?"

मी म्हटलं, थांब. मारू नकोस. का नको, ते सांगते. पण त्याआधी रस्ता समजून घेऊ, कारण बहुतेक जण एरर वाचतच नाहीत. लाल अक्षरं दिसली की राउटर बंद-चालू, मग लॅपटॉप बंद-चालू, मग देवाचं नाव. एरर ही शिवी नसते हो. तुमची विनंती कुठपर्यंत जाऊन अडकली, याचा तो पत्ता असतो.

समजा कोणीतरी शिवाजीनगरहून आपल्या माणमधल्या एका ऑफिसात निघालाय. त्यानं ड्रायव्हरला नुसतं 'माण' सांगितलं. आता माण साताऱ्यातही आहे, दहिवडीचा तो अख्खा तालुकाच माण. गाडी तिकडे गेली तर चूक रस्त्याची नाही आणि ऑफिसचीही नाही, नावावरून पत्ता काढण्यात गडबड झाली. नेटवर्कमध्ये हे काम डीएनएस करतं. 'सर्व्हरचं नाव सापडत नाही' किंवा 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' असं काही आलं, की गाडी अजून निघालेलीच नाही असं समजा. पडताळा सोपा आहे: पी-आय-एन-जी, स्पेस, आणि १.१.१.१. आकड्यांना उत्तर येतंय पण नावाला येत नाही, तर नेट चालू आहे, डीएनएस बिघडलंय. फोनवर असाल तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. जाहिराती अडवायला कोणीतरी तिथे काहीतरी भरून ठेवतं, ती सेवा बंद पडते, आणि वायफायची पट्टी फुल्ल असूनही काहीच उघडत नाही. तिथे 'ऑटोमॅटिक' करून बघा.

पत्ता बरोबर मिळाला आणि गाडी निघाली. आता दोन एरर अशा आहेत ज्या लोक एकच समजतात, आणि माझ्या मते निम्मा वेळ इथेच वाया जातो. एक 'कनेक्शन टाइम्ड आउट', दुसरी 'कनेक्शन रिफ्यूज्ड'.

रिफ्यूज्ड म्हणजे तुम्ही पोचलात, बेल दाबली, आणि आतून लगेच उत्तर आलं की इथे कोणी नाही. सर्व्हर जिवंत आहे, रस्ता चांगला आहे, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलं नाही. क्वचित फायरवॉलच तसं उत्तर देते. टाइम्ड आउट म्हणजे शांतता. बेल वाजवली, कोणी हो म्हणेना, नाही म्हणेना. एक तर मशीन बंद, किंवा रस्त्यात कुठेतरी पॅकेट हरवतंय, किंवा फायरवॉल मुद्दाम गप्प बसलीय.

ओळखायचं कसं? घड्याळ बघा. एंटर दाबल्याबरोबर एरर आली तर नकार, खूप वेळ ताटकळत ठेवून आली तर शांतता. लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर सुमारे दोन मिनिटं पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतं आणि मग हात टेकतं. लिनक्सच्या लॉगमध्ये आकडेही दिसतात: १११ म्हणजे रिफ्यूज्ड, ११० म्हणजे टाइम्ड आउट, १३ म्हणजे परमिशन डिनाइड. हा १३ लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

रिफ्यूज्ड आलं तर राउटरला हात लावू नका. सर्व्हरवर जाऊन बघा कोण कुठे ऐकतंय: एस-एस, स्पेस, डॅश एल-टी-एन. यादीत तुमचा पोर्टच नसेल तर प्रोग्रॅम बंद पडलाय. पोर्ट आहे, पण त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहिलंय? मग तो प्रोग्रॅम फक्त स्वतःच्या मशीनशी बोलतोय. बाहेरच्यांचं ऐकायला ०.०.०.० लागतं. लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू असतो, ब्राउझरमध्ये छान दिसतो, मग तोच १२७.०.०.१ चा पत्ता मित्राला पाठवून 'फोनवर बघ' म्हणतात. अरे, १२७.०.०.१ म्हणजे 'मी स्वतः'. फोनवर टाकलं तर फोन स्वतःलाच विचारणार! फोनवर लॅपटॉपचा १९२.१६८ वगैरेनं सुरू होणारा पत्ता टाकायचा. आणि तो पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, तिथून सुरुवात करा.

टाइम्ड आउट आलं आणि सर्व्हर क्लाउडवर असेल, तर पहिला संशय क्लाउडच्या फायरवॉलवर घ्या. नवीन मशीन घेतलं की बाहेरून येणारी बहुतेक दारं बंदच असतात, तुम्हाला हवं ते पोर्ट स्वतः उघडावं लागतं. गंमत बघा, मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात क्लाउडची केंद्रं सुरू केली, त्यातलं 'सेंट्रल इंडिया' पुण्यातच आहे. म्हणजे तुमचा सर्व्हर याच शहरात बसलेला असू शकतो आणि तरी टाइम्ड आउट येऊ शकतं. त्याचा अंतराशी काही संबंध नाही. कॉलेजच्या किंवा पीजीच्या वायफायवर अजून एक भानगड असते: एकाच वायफायवरच्या दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. तिथे फोनचा हॉटस्पॉट सुरू करून बघितलं की पाच मिनिटांत कळतं.

५०२ आणि ५०४ पटकन सांगते. दोन्हीत रिसेप्शनवरच्या माणसानं तुमचं ऐकून घेतलंय, घोळ आतल्या माणसाचा आहे. ५०२ ला आतून धड उत्तर मिळालं नाही, ५०४ ला आतला वेळेत बोललाच नाही. निकालाच्या दिवशी दुपारी एकला सगळा महाराष्ट्र एकाच साइटवर जातो तेव्हा जे दिसतं, ते बहुतेक या घराण्यातलं. रिफ्रेश मारत राहिलात तर रांग वाढते, एवढंच.

आता आपल्या मित्राकडे. ४०३. म्हणजे नाव सापडलं, रस्ता मिळाला, बेल वाजली, दार उघडलं, आणि समोरचा म्हणाला, तुला आत सोडता येत नाही. चार तास तो नेटवर्क तपासत होता आणि नेटवर्क पहिल्या मिनिटापासून ठणठणीत होतं! त्याला एनजिनएक्सचा एरर लॉग उघडायला सांगितला. तिथे १३ बसलेला होताच.

फाइलच्या परवानग्या बघितल्या तर ६४४. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. ६४४ म्हणजे मालक वाचेल-लिहील, बाकीचे वाचतील. वेबसाइटच्या फाइलला याहून जास्त काही लागत नाही. मग अडलं कुठे?

अडलं वरती. फोल्डरच्या बाबतीत तो १ 'चालवण्या'चा नसतो, 'आत पाऊल टाकण्या'चा असतो, आणि फाइलपर्यंत जाताना वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर तो लागतो. तुमच्या मजल्यावरचं दार सताड उघडं आहे, पण खालचं गेट बंद आहे, तर काय उपयोग? यानं साइट ठेवली होती स्वतःच्या होम फोल्डरमध्ये, एका जुन्या व्हिडिओत बघून. तो व्हिडिओ खोटा नव्हता. उबुंटूमध्ये पूर्वी नवीन युजरचं होम फोल्डर ७५५ असायचं, कोणीही आत डोकावू शके. २१.०४ पासून ते ७५० झालं, म्हणजे बाहेरच्यांना शून्य. आणि एनजिनएक्स तिथे स्वतःच्या वेगळ्या युजरनं चालतं, त्यामुळे तो बाहेरचाच. व्हिडिओ जुना, उबुंटू नवीन, आणि पोराचे चार तास गेले.

हे एका कमांडमध्ये दिसतं: एन-ए-एम-ई-आय, स्पेस, डॅश एल, स्पेस, आणि फाइलचा पूर्ण पाथ. वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी ओळीनं समोर येते. ही कमांड फार कमी लोकांना माहीत असते, का कोण जाणे. त्यानं साइट उचलून व्हीएआरमधल्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये ठेवली, एनजिनएक्सला नवा पाथ सांगितला, आणि साइट उघडली.

आता ते ७७७. त्यानं साइटच्या फोल्डरला ७७७ मारलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही! गेट तर वरती बंद होतं. मग माणूस चिडतो आणि होम फोल्डरपासून खाली सगळ्याला, डॅश कॅपिटल आर लावून, ७७७ मारतो. साइट दिसायला लागते, टाळ्या. पण त्याच होममध्ये एसएसएचच्या चाव्यांचं फोल्डर असतं. एसएसएचचा सर्व्हर लॉगिनच्या वेळी ते तपासतो. होम किंवा चाव्यांच्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतंय असं दिसलं की त्या चाव्यांवर तो विश्वासच ठेवत नाही. म्हणजे टर्मिनल बंद केलं, सकाळी डेमोआधी लॉगिन करायला गेलात, की 'परमिशन डिनाइड, पब्लिक-की'. स्वतःच्याच सर्व्हरच्या बाहेर तुम्ही उभे. आणि ज्या दिवशी त्या साइटमध्ये एखादी खोट सापडेल, त्या दिवशी घुसणाऱ्याला प्रत्येक फाइल बदलायची मुभा तुम्हीच देऊन ठेवलेली असेल.

उलट बाजूचंही सांगते. तुमच्या लॅपटॉपवरची खासगी चावी फार उघडी असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. तिला ६०० द्या. आणि चावी बरोबर असूनही पब्लिक-कीवाला नकार आला, तर आधी युजरचं नाव तपासा. कुठे ते 'उबुंटू' असतं, कुठे 'ईसी२-युजर'. दार बरोबर, नाव दुसऱ्याचं, असं फार वेळा होतं.

तुमच्यातले बरेच जण फोनवर टर्मक्समध्ये शिकतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. डाउनलोड फोल्डरमधली स्क्रिप्ट थेट चालवायला गेलात की परमिशन डिनाइड येतं, आणि कितीही सीएचमॉड करा, फरक पडत नाही. फोनच्या सामायिक स्टोरेजवर अँड्रॉइड काही चालवूच देत नाही. फाइल टर्मक्सच्या स्वतःच्या होममध्ये कॉपी करा, चालेल. दुसरं, १०२४ च्या खालची पोर्ट रूटशिवाय मिळत नाहीत, म्हणून टर्मक्समध्ये एसएसएच २२ वर न बसता ८०२२ वर बसतं. (२२ हा आकडा एसएसएचला १९९५ मध्ये त्याच्या कर्त्यानं, फिनलंडच्या टाटू युलोनेननं, चक्क ईमेल करून मागून घेतला होता. २१ वर एफटीपी, २३ वर टेलनेट, मधली जागा रिकामी होती.)

मोठ्यांचंही असंच अडतं बरं का. ४ ऑक्टोबर २०२१, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले, आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा एकदम गप्प. देखभालीच्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटर्सना जोडणारं जाळंच खाली बसलं. त्यांचे डीएनएस सर्व्हर चालू होते, पण डेटा सेंटरशी बोलता येईना म्हणून त्यांनी आपल्याकडे येणारा रस्ताच जगाला सांगणं थांबवलं. फोनवर लोकांना दिसत होती नाव न सापडल्याची एरर, आणि मूळ बिघाड होता रस्त्याचा. दुरुस्तीला माणसं पाठवली, तर कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं दारांवर चालेनात अशा बातम्या आल्या. सहा तासांहून जास्त वेळ गेला. म्हणून एरर कुठे दिसली एवढ्यावर थांबायचं नाही, तिच्या मागची पायरीही बघायची.

आता जरा गंभीर. कधी कधी ४०३ अगदी बरोबर असतं, कारण तुम्हाला तिथे जायची परवानगी खरंच नाही. ऑफिसात प्रॉडक्शनवर डिनाइड आलं तर सीनियरचा पासवर्ड मागू नका, रीतसर ॲक्सेस मागा, लेखी. आणि दुसऱ्याच्या साइटवर लिंकमधले आकडे बदलून 'बघू तरी काय उघडतंय' हा खेळ खेळू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली नोकरी शोधणाऱ्यानं हे माहीत करून ठेवावं.

मला एरर पाठवताना 'चालत नाहीये' एवढंच लिहू नका. एररची ओळ जशीच्या तशी, ती लगेच आली की ताटकळून, कुठल्या मशीनवरून कुठे जात होतात, आणि शेवटी काय बदललं होतं, इतकं पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये पासवर्ड किंवा चावी दिसत नाही ना, ते आधी बघा. मागच्या आठवड्यात दोघांनी अख्खी खासगी चावी पाठवली. त्यांना त्या बदलायला सांगितल्या आहेत.