कून व्हॅली : ओढ्याकाठच्या एका खेड्याची हकीकत

परदेशच्या शेतीविषयी जो मजकूर मासिकांतून येतो त्यात बहुधा अवाढव्य यंत्रांची आणि हजार हजार एकरांच्या शेतांची वर्णने असतात. ती वाचून सामान्य खातेदाराच्या पदरी कौतुकापलीकडे काही पडत नाही, अशी आमची जुनी तक्रार आहे. म्हणून या खेपेस आम्ही अमेरिकेतील एक अगदी लहान खेडे निवडले आहे. त्याचे नाव कून व्हॅली. वस्ती साडेसातशेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम वाडीएवढी. आम्ही तेथे गेलेलो नाही. परंतु नकाशे, अहवाल आणि आकाशातून घेतलेली छायाचित्रे पुढ्यात घेऊन बसणे हा आमच्या जन्माचा धंदा होता, आणि त्या सवयीनेच ही हकीकत जुळविली आहे.

विस्कॉन्सिन संस्थानाच्या नैर्ऋत्य भागात, मिसिसिपी नदीच्या पूर्वेस, व्हर्नन जिल्ह्यात हे गाव आहे. ला क्रॉस शहरातून आग्नेयेकडे निघालेला हमरस्ता टेकडी उतरून गावात येतो. गावातून कून क्रीक नावाचा ओढा वाहतो. ओढा म्हटले तरी आपल्याकडे त्यास नदीच म्हणावे, कारण तो बारमाही आहे. त्याचे पाणलोट क्षेत्र सुमारे ९० हजार एकरांचे असून, चेजबर्ग या दुसऱ्या लहान गावावरून तो स्टॉडर्डनजीक मिसिसिपीस मिळतो. अमेरिकेचा मध्यपश्चिम भाग म्हणजे ताटासारखी सपाट जमीन, अशी आपली समजूत असते. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी तो भाग खरोखरच घासून सपाट केला. पण हा एक तुकडा मात्र त्या बर्फाखाली सापडला नाही. त्यामुळे येथे उभ्या चढणीच्या टेकड्या, अरुंद दऱ्या आणि माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेली मऊ, पिठासारखी माती, असा सगळा थाट आहे. ही माती सुपीक खरी, परंतु पाण्यापुढे टिकाव धरणारी नव्हे.

१८५० च्या सुमारास येथे वसाहत होऊ लागली. येणाऱ्यांत नॉर्वे देशाचे लोक बहुसंख्य होते. जर्मन व बोहेमियन कुटुंबेही होती. मायदेशातील दऱ्यांची आठवण करून देणारी जागा त्यांनी पसंत केली असे म्हणतात, आणि ते खरे वाटण्यासारखे आहे. त्यांची लाकडी ओंडक्यांची घरे जतन करून ठेवलेले नोर्स्केडालेन नावाचे वारसास्थळ गावानजीकच आहे. प्रथम त्यांनी गहू केला. जमिनीचा कस उतरला आणि गव्हावर रोग-किडी पडू लागल्या, तेव्हा ते दुभत्या जनावरांकडे वळले. काहींनी जोडीस तंबाखू धरला.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे गाव निवडले तिच्याकडे येतो. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी जमिनीची मोजणी चौरस आखून करण्याचा पायंडा पडला. एक मैल लांब, एक मैल रुंद असा ६४० एकरांचा चौकोन; त्याचा चतकोर १६० एकरांचा; चतकोराचा चतकोर ४० एकरांचा. डोंगर असो, दरी असो, मोजणीदाराची रेघ सरळ. कचेरीच्या दृष्टीने याहून सोयीची पद्धत नाही हे आम्ही अनुभवाने सांगतो. नोंद सोपी, वाटणी सोपी, खरेदीखत सोपे. परंतु या चौकोनांत राहणारा शेतकरी कुंपणास कुंपण समांतर धरून नांगरू लागला, आणि टेकडीच्या अंगावर सरळ नांगर म्हणजे पुष्कळ ठिकाणी वरून खाली नांगर. पावसाच्या पाण्यास प्रत्येक तास हा आयता पाट मिळाला. भरीस भर म्हणून उभ्या उताराच्या रानात गुरे चरावयास सोडलेली. त्यांनी झाडोऱ्याखालचे गवत आणि कोंब खाऊन जमीन उघडी केली.

तीन पिढ्यांत काय झाले ते पाहावे. माथ्यावरच्या ओघळी शेतात शिरून घळी झाल्या, आणि घळी इतक्या खोल गेल्या की त्यांनी शेते, वाटा कापल्या. खालच्या अंगास त्याच मातीचा गाळ साचू लागला. चेजबर्गच्या आसपास खोऱ्यातील जमीन कित्येक फुटांनी वर आली. १९२०-३० च्या दरम्यान मुख्य दरीत गाळ चढण्याचा वेग वर्षास सुमारे १५ सेंटिमीटर होता, असे पुढे झालेल्या मोजणीवरून दिसते. झरे आटले, ओढा उन्हाळ्यात रोडावला आणि पावसात बेफाम होऊ लागला. पूर आला की वरच्याचे शेत खालच्याच्या अंगणात, असा प्रकार.

१९३३ साली अमेरिकन सरकारने जमिनीच्या धुपीसाठी एक स्वतंत्र खाते काढले. ह्यू हॅमंड बेनेट हे त्याचे प्रमुख. संपूर्ण पाणलोट क्षेत्र हाती घेऊन धूप थांबविण्याचा देशातील पहिला प्रयोग म्हणून त्यांनी कून क्रीकची निवड केली. त्या काळी मंदीने सर्वत्र हाहाकार उडाला होता, आणि बेकार तरुणांसाठी सरकारने कामाच्या छावण्या उघडल्या होत्या. महिना तीस डॉलर वेतन, त्यांपैकी पंचवीस थेट घरी पाठवावयाचे, अशी त्या छावण्यांची रीत. त्यांतील एक छावणी कून व्हॅलीस पडली. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जाणते लोक मदतीस होते. पुढे निसर्गसंरक्षणाचे मोठे लेखक म्हणून विख्यात झालेले आल्डो लिओपोल्ड हेही या कामात सल्लागार होते, आणि त्यांनी १९३५ साली या प्रयोगावर एक लेखही लिहिला.

या योजनेत सक्ती नव्हती, हे आमच्या सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. शेतकऱ्याशी पाच वर्षांचा करार होई. सरकारने छावणीचे मजूर, कुंपणाची तार, बी, चुना आणि रोपे द्यावयाची. शेतकऱ्याने आपल्या शेताच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे वागावयाचे आणि उभ्या उतारावरून गुरे काढावयाची. मुलखात सुमारे आठशे शेते होती. १९३५ पर्यंत त्यांपैकी चारशेंहून अधिक शेतकऱ्यांनी सह्या केल्या. बाकीचे कुंपणावर बसून पाहत होते. दोष देण्यासारखे त्यात काही नाही. सरकारी माणूस दारी आला की शेतकरी आधी त्याच्या हातातला कागद पाहतो, हा स्वभाव सर्व देशांत सारखाच.

आराखडा असा. चौकोनी शेते मोडून उताराच्या आडव्या, समपातळीच्या रेषेने वाकणारे लांब पट्टे आखावयाचे. एका पट्ट्यात मका, लगतच्या पट्ट्यात ओट, त्याच्या खाली लसूणघास किंवा गवत, पुन्हा मका. आणि दर सालास पिके एका पट्ट्यातून दुसऱ्यात फिरवावयाची. मक्याच्या ओळींतून सुटलेले पाणी गवताच्या पट्ट्यात शिरले की त्याचा वेग मोडतो, गाळ तेथेच बसतो आणि पाणी मुरते. दुभती जनावरे असल्यामुळे गवताचे पीक शेतकऱ्यास नुकसानीचे नव्हते. तो ते दुधाच्या रूपाने विकत होता. उभे उतार कुंपण घालून झाडांस सोडले. घळींच्या तोंडाशी लहान बांध घातले, ओढ्याचे काठ सावरले. यात मालकीची हद्द एक बोटभरही हलली नाही. हलली ती शेतातली कुंपणे, आणि नांगराची दिशा.

येथे थोडे आमचे. आमच्या चाकरीच्या काळात एका गावी समपातळीच्या बांधांचे काम निघाले होते. बांधाची रेषा दोघा भाऊबंदांच्या सर्व्हे नंबरांतून तिरकी जात होती. थोरल्याचे म्हणणे, माझ्या हद्दीतले पाणी मी अडवीन, त्याच्यासाठी का अडवू? धाकट्याचे म्हणणे, बांध माझ्या नंबरात अधिक जागा खातो. दोघांचेही अर्ज आमच्याच हातून वर गेले. उताऱ्यावर दोघांचीही हद्द निर्विवाद होती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत दोघांनीही तो बांध नांगरून टाकला होता. मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला, त्यात अशा कामांची तरतूद होती आणि बांधबंदिस्तीची पुष्कळ कामे त्याखाली झालीही. परंतु आम्ही जे पाहिले ते असे. कून व्हॅलीचे कागद वाचताना ते दोन अर्ज आमच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

तिकडे काय झाले? १९३४ साली आकाशातून काढलेले एक छायाचित्र आणि काही दशकांनंतरचे त्याच जागेचे दुसरे, अशी जोडी प्रसिद्ध आहे. पहिल्यात चौकोन आणि घळींच्या पांढऱ्या भेगा. दुसऱ्यात टेकडीच्या अंगाने वळणे घेत गेलेले हिरवे-पिवळे पट्टे, लुगड्याच्या काठासारखे. पहिल्याने नकार दिलेले शेतकरीही शेजाऱ्याचे पाहून पुढे तीच पद्धत उचलते झाले. स्टॅन्ली ट्रिंबल या भूगोलवेत्त्यांनी या ओढ्याच्या गाळाचा १८५३ पासूनचा हिशेब मांडला आणि १९९९ साली प्रसिद्ध केला. तो जमाखर्च आम्हांस एखाद्या उत्तम खतावणीसारखा वाटला. त्यावरून असे दिसते की १९७५ ते १९९३ या काळात खोऱ्यात गाळ साचण्याचा वेग १९३०-४० च्या वेगाच्या सुमारे ६ टक्के एवढाच उरला होता. आणखी एक नवल असे की, टेकड्यांवरून निघालेली पुष्कळशी माती मिसिसिपीस पोहोचलीच नाही. ती खोऱ्यातच अडकून राहिली आहे. आजोबांनी घालविलेले शेत नातवांच्या पायाखाली आठ-दहा मैल खाली आहे म्हणावयाचे. पाणी मुरू लागल्यामुळे ओढ्याचा उन्हाळी प्रवाह वाढला, तो थंड व स्वच्छ झाला, आणि ट्राउट नावाचा मासा त्यात पुन्हा नांदू लागला. आज दूरदूरची माणसे गळ घेऊन तेथे येतात. हमरस्त्याच्या कडेस देशातील पहिल्या पाणलोट योजनेची खूण म्हणून फलक उभा आहे.

हकीकत एवढ्यावर थांबली असती तर ती शाळेच्या पुस्तकात घालण्याजोगी झाली असती. १९५४ साली पाणलोट संरक्षणाचा नवा कायदा झाला आणि त्याखाली कून क्रीकच्या वरच्या दऱ्यांत पूर अडविण्याचे १४ मातीचे बांध घालण्यात आले. बांध असल्यामुळे खालच्या गावास निर्धास्त वाटू लागले. २७ व २८ ऑगस्ट २०१८ च्या रात्री या मुलखात मोठी वृष्टी झाली. काही ठिकाणी दहा इंचांहून अधिक पाऊस पडला. त्या रात्री कून क्रीकवरील तीन बांध आणि शेजारच्या खोऱ्यातील दोन, असे पाच बांध फुटले. कून व्हॅलीतील घरे, दुकाने आणि ओढ्याकाठचे उद्यान पाण्याखाली गेले. पुढे चौकशीत दिसले की दोष मातीकामात नव्हता. बांध दरीच्या ज्या खडकास टेकविले होते तो वालुकाश्म भेगाळलेला होता. पाणी त्या भेगांतून शिरले आणि त्याने बांधाची बाजूच खचविली. जे बांध त्या रात्री टिकले त्यांचाही खडक तोच. पुढील अभ्यासात असे बांध पुन्हा न बांधता उरलेलेही काढून टाकावेत अशी शिफारस झाली.

म्हणजे पाणी अडविण्याचा भार फिरून टेकडीवरच्या शेतकऱ्यावर आला. आणि आज तेथील खरी अडचण हीच आहे. विस्कॉन्सिन संस्थानात २००४ च्या सुमारास पंधरा हजारांवर दुग्धशाळा होत्या. २०२४ मध्ये त्या सहा हजारांच्या आत आल्या. दुधास भाव नाही, मुलगा शहरात, गाई विकल्या. मग गवताचा पट्टा कोणासाठी ठेवावयाचा? जमीन खंडाने जाते, खंडकरी मका आणि सोयाबीन करतो, त्याच्या रुंद यंत्रास वळणाचे पट्टे अडचणीचे होतात आणि ते मोडले जातात. यात कोणी दुष्टपणा करतो असे नव्हे. त्याचा जमाखर्च त्यास तेच सांगतो. मात्र पाणी ज्याच्या घरात शिरावयाचे त्याचा जमाखर्च त्या वहीत लिहिलेला नसतो.

गावाने हात टेकलेले नाहीत. पुरानंतर खोऱ्यातील शेतकरी आणि गावकरी यांनी मिळून आपली एक पाणलोट परिषद स्थापन केली. तीत माथ्यावरचा शेतकरी आणि ओढ्याकाठचा रहिवासी एकत्र बसतात. आच्छादनाची पिके, न नांगरता पेरणी, गवतावर फिरती चराई यांची पाहणी एकमेकांच्या शेतावर जाऊन होते. व्हर्नन जिल्ह्यातच ला फार्ज येथे १९८८ साली काही शेतकऱ्यांनी सेंद्रिय मालाची सहकारी संस्था काढली. आज ती देशभर दूध विकते, आणि गाई चराऊ कुरणावर पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यास तिने काही आधार दिला आहे. घोड्यांवर शेती करणारी आमिश पंथाची कुटुंबेही जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या शेतांवर गवत आणि जनावरे अजून टिकून आहेत.

पट्टे किती उरले आणि किती मोडले हे नव्या छायाचित्रांत पाहणे आम्ही अलीकडे चालविले आहे. काही टेकड्यांवर ते जसेच्या तसे आहेत. काहींवर मोठे एकरंगी शेत झाले आहे. एके ठिकाणी मात्र शेजारी शेजारी दोन शेते आहेत. एकात पट्टे आहेत, दुसऱ्यात नाहीत, आणि दोहोंचे पाणी एकाच दरीतून खाली गावाकडे उतरते.