संशोधनाचे अनुदान गावापर्यंत पोहोचू द्या

आरोग्यविषयक संशोधन म्हटले की आमच्या सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादी सुसज्ज प्रयोगशाळा उभी राहते. ते स्वाभाविकही आहे. ज्या मुंबईत डॉ. हाफकिन यांनी १८९७ साली प्लेगची लस सिद्ध केली आणि जिथे त्यांच्या नावाची संस्था आजही उभी आहे, त्या नगरीच्या नागरिकांना प्रयोगशाळेचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. अशा कामाला सार्वजनिक निधीतून साहाय्य देण्याची प्रथाही आपल्याकडे जुनी आहे. १९११ साली स्थापन झालेल्या ‘इंडियन रिसर्च फंड असोसिएशन’चेच १९४९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेत रूपांतर झाले. तेव्हा संशोधनाला अनुदान द्यावे की न द्यावे, हा वाद संपून एक शतक लोटले आहे. आज विचार करावयाचा आहे तो हे अनुदान कोणाच्या हाती द्यावे, किती काळ द्यावे आणि कोणत्या अटींवर द्यावे याचा. या तिन्ही बाबतींत आपली व्यवस्था लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या संस्थांवर अन्याय करीत आहे, आणि त्या अन्यायाचे मोल अखेर गरीब माणूसच मोजीत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे विधान आम्ही हवेत करीत नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. तिथे आदिवासींच्या घरांसारखी घरे बांधून वसवलेल्या त्यांच्या वसाहतीचे नावच शोधग्राम आहे. या संस्थेने दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी ज्यांची अशी तपासणी झाली होती त्या अवघ्या ८ टक्के होत्या! ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच मानून चालणाऱ्या सरकारी योजनांना या आकड्यांनी खडबडून जागे केले. हे आकडे मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात बसून मिळाले असते काय? ज्या दुखण्याविषयी बाई आपल्या नवऱ्याजवळही बोलत नाही, ते ती परक्या पाहुण्याला सांगत नसते. ती सांगते ती जिच्यावर तिचा विश्वास बसला आहे अशा माणसाला, आणि असा विश्वास काही दिवसांच्या पाहणीत निर्माण होत नाही.

याच संस्थेचे नवजात बालकांविषयीचे काम तर सर्वश्रुत आहे. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षे तिने केवळ परिस्थितीची नोंद करण्यात घालवली. नंतर ३९ गावांतील बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ म्हणून उभे केले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास कोंडला असता उपाय करणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर औषधोपचार करणे, ही सारी कामे त्यांनी घरोघर जाऊन केली. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली केंद्र सरकारने घरोघरच्या नवजात बालसेवेचे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांवर सोपवले. आज एखाद्या खेड्यातील आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन ठरल्या दिवशी जाते, तिच्या त्या फेरीचे मूळ गडचिरोलीच्या या ३९ गावांत आहे.

आणखी एक उदाहरण पाहा. महाराष्ट्रात दरवर्षी किती बालके दगावतात, या साध्या प्रश्नाचे सरकारी उत्तर वस्तुस्थितीपेक्षा फारच कमी आहे, अशी शंका गावोगावच्या कार्यकर्त्यांना येत होती. तेव्हा राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या गावांत आणि वस्त्यांत जन्म-मृत्यूंची मोजणी केली. ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालाने सरकारी नोंदींतून असंख्य बालमृत्यू निसटत असल्याचे दाखवून दिले. प्रथम खळखळ करणाऱ्या सरकारलाही पुढे बालमृत्यूंच्या मूल्यमापनासाठी समिती नेमावी लागली. या मोजणीत नवे औषध सापडले नाही की नवे यंत्र निघाले नाही. जी मुले नोंदवहीत जन्मलीच नव्हती, त्यांचे मरण मात्र नोंदवहीत आले. आमच्या मते हे संशोधन कोणत्याही प्रयोगशाळेतील शोधाइतकेच मोलाचे होय.

आता या कामाला पैसा कोठून आला, हे पाहिले पाहिजे. नवजात बालकांच्या ज्या प्रयोगाने भारत सरकारचे धोरण बदलले, त्याला प्रामुख्याने फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकेतील विश्वस्त निधींचे साहाय्य होते. त्या दात्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु आपल्या देशातील बालके कशी वाचवावीत याचा शोध आपल्याच माणसांनी आपल्याच खेड्यांत घ्यावा, आणि त्याचा खर्च मात्र परक्यांनी सोसावा, ही गोष्ट आपल्याला भूषणावह आहे काय?

घरच्या दारांची स्थिती अशी आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेचे अनुदान स्वयंसेवी संस्थेला मिळू शकते. पण त्यासाठी आधी केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची संशोधन संस्था म्हणून मान्यता हवी. मोठ्या संस्थेला ही अट जड नाही. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेला मात्र ती डोंगराएवढी वाटते. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. त्याच्या कक्षेत आरोग्यही येते; परंतु त्याचा रोख विद्यापीठे, महाविद्यालये आणि प्रयोगशाळा यांच्याकडे आहे. तिसरे दार उद्योगपतींचे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि २०२१-२२ साली ही रक्कम २६,००० कोटींहून अधिक होती. पण कायद्याच्या परिशिष्टातील संशोधनाचे कलम वाचले, तर त्यात नावे दिसतात ती सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांची आणि संस्थांची. लोकसंस्थेला आरोग्यसेवेच्या कलमाखाली पैसा मिळू शकतो; म्हणजे तिने औषधे वाटावीत, शिबिरे भरवावीत; विचार करण्याचे काम दुसऱ्यांचे! शिवाय असा उपक्रम सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत आटोपावा लागतो. गडचिरोलीच्या प्रयोगाची दोन वर्षे नुसत्या नोंदणीत गेली होती, हे वाचकांनी आठवावे. आजच्या मापाने त्याचे अनुदान परिणाम पुरते दिसण्याच्या सुमारासच संपले असते.

याच काळात परदेशी साहाय्याची वाटही अरुंद झाली. २०२० सालच्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली आणि एका संस्थेने मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यास बंदी झाली. परक्या पैशावर देखरेख ठेवण्याचा सरकारचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. सार्वभौम राष्ट्राने तो बजावलाच पाहिजे. परंतु शहरातील मोठ्या संस्थेकडून आडगावच्या छोट्या संस्थेकडे झिरपत येणारा ओघ या बंदीने अडला, हेही तितकेच खरे. बाहेरचा पाट बंद करणाऱ्याने घरची विहीर खणावयास नको काय?

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते सारेच उडवून लावण्यासारखे नाहीत. स्वयंसेवी म्हणवणाऱ्या सर्वच संस्था सेवाभावी असतात, असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. अनुदानाच्या आशेने रातोरात फलक लावणारी मंडळी आम्हीही पाहिली आहेत. प्रत्येक पाहणी म्हणजे संशोधन नव्हे, आणि तळमळ हा पुराव्याला पर्याय होऊ शकत नाही, हेही मान्य. म्हणूनच गडचिरोलीच्या कामाचे मोल अधिक आहे. त्या संस्थेने आपली तळमळ मोजमापाच्या कसोटीला लावली आणि जगातील तज्ज्ञांपुढे तपासणीसाठी ठेवली. परंतु चोराच्या भीतीने सारीच दारे बंद करून घेणारा गृहस्थ शहाणा ठरत नाही. हिशेब कडक तपासा, निष्कर्षांची छाननी करा, खोटेपणा करणाऱ्यास शासन करा. पण प्रामाणिक माणसाला आधी उंबऱ्याच्या आत तर येऊ द्या.

लोकसंस्थेला बाजूस ठेवून गावात संशोधन केले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आपल्या देशात घडले आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या सुमारे २३,००० मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस एका अभ्यासासाठी देण्यात आली. पुढे गदारोळ झाला आणि २०१० साली तो अभ्यास थांबवावा लागला. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. ही लस आज जगभर दिली जाते आणि तिची उपयुक्तता वादातीत आहे. दोष होता तो संमतीचा. अनेक संमतिपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, असा ठपका संसदीय समितीने २०१३ साली ठेवला. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे अध्यापन केले आहे. मुख्याध्यापकाच्या सहीला शाळेत केवढे वजन असते, हे आम्ही जाणतो. ती सही हजेरीपटावर शोभते, प्रगतिपुस्तकावर शोभते. परंतु मुलीच्या देहावर करावयाच्या प्रयोगाला तिच्या आईबापांच्या वतीने संमती देण्याचा अधिकार त्या सहीला नाही. गावाचा विश्वास असलेली आणि गावाला उत्तर देणारी एखादी संस्था त्या वेळी मध्ये उभी असती, तर आईबापांना त्यांच्या भाषेत सारे समजावून देता आले असते. कदाचित एक चांगली लसही वर्षानुवर्षे संशयाच्या भोवऱ्यात सापडली नसती.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या आणि साध्या आहेत. आरोग्य संशोधनाच्या सार्वजनिक निधीतील एक निश्चित वाटा लोकसंस्थांसाठी वेगळा काढावा आणि तो त्यांच्याच नावे द्यावा. विद्यापीठाच्या प्रकल्पात माणसे गोळा करून देणारे हरकामे म्हणून त्यांना वागवू नये. आरंभी एक वर्षाचे लहान अनुदान देऊन संस्थेला आपला प्रश्न नीट मांडू द्यावा. तो कसास उतरला तर पुढे पाच वर्षांची हमी द्यावी. संख्याशास्त्राचे आणि नीतिविषयक छाननीचे साहाय्य जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पुरवावे. मात्र प्रश्न आणि पैसा गावच्या संस्थेकडेच राहावा. घरोघर हिंडणाऱ्या कार्यकर्तीचे वेतन, हिशेबनिसाचा पगार आणि कचेरीचे भाडे हा संशोधनाचाच खर्च होय, हे कबूल करावे. हप्ते वेळेवर द्यावेत, कारण लहान संस्थेजवळ सहा महिने वाट पाहण्याइतकी गंगाजळी नसते. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक अट अवश्य घालावी: ज्या गावात माहिती गोळा केली, त्या गावाच्या ग्रामसभेत, लोकांना कळणाऱ्या भाषेत, निष्कर्ष वाचून दाखवलेले असले पाहिजेत. माडिया बोलणाऱ्या आईच्या बाळाचे वजन इंग्रजी नियतकालिकात छापून आले, तर ते तिलाही समजावून सांगणे हा सौजन्याचा नव्हे, कर्तव्याचा भाग आहे.

सरकारला उपदेश करून आम्ही वाचकांना मोकळे सोडू इच्छित नाही. आपल्या शहरांतील दानशूरांनी रुग्णालये बांधली, धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आपण आदराने वाचतो. संशोधनाला दिलेल्या देणगीची अशी पाटी लागत नाही. ज्या बाळाचा जीव त्यामुळे वाचतो, त्याला दात्याचे नाव कधीच कळत नाही आणि ते बाळ कोणते हे दात्यालाही सांगता येत नाही. असे निनावी दान करण्याची दानत मध्यमवर्गाने आता अंगी बाणवली पाहिजे. घरातील बारशाच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूस काढून ती अशा एखाद्या संस्थेला तिचे काम आणि हिशेब पारखून पाठवणे अनेकांना सहज शक्य आहे.

गडचिरोलीत पहिली नोंद झाल्यापासून देशाचे धोरण बदलेपर्यंत १८ वर्षे गेली. त्या संस्थेला चिकाटी होती, नाव होते, आणि परदेशचे साहाय्यही मिळाले. आज दुसऱ्या एखाद्या तालुक्यात दुसरी एखादी कार्यकर्ती एका साध्या वहीत कुणाच्या तरी जन्ममृत्यूची नोंद करीत बसली असेल आणि तिला त्या आकड्यांत काहीतरी खटकत असेल. तिचा प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच पैशाअभावी ती वही मिटली, तर त्या प्रश्नावाचून दगावलेल्या मुलांचा हिशेब कोणत्या अहवालात मांडला जाणार आहे? अनुदानाच्या धोरणाची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढीच आमची मागणी आहे.