पायाखालची जमीन : तापवावी की निववावी?

शहापूर, आसनगाव, मुरबाड, टोकावडे या पट्ट्यात सध्या घरबांधणी जोरात आहे. कुणी जुन्या कुडाच्या घराच्या जागी आरसीसीचे घर बांधतो, तर कुणी कल्याण-मुंबईहून येऊन माळशेजच्या वाटेवर फार्महाउस उभारतो. फरशी निवडायची वेळ आली की हल्ली एक नवा प्रश्न निघतो. जर्मनीत किंवा कोरियात राहणाऱ्या नातेवाइकाकडे थंडीत जमीनच उबदार असते. तशी सोय आपल्याकडे करून घ्यावी का? उत्तर देण्याआधी ही व्यवस्था चालते कशी, ते पाहू.

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. ती जाण्याच्या वाटा शाळेत शिकवतात : वहन, अभिसरण आणि प्रारण. याखेरीज घाम वाळतानाही उष्णता जाते. वारा नसलेल्या खोलीत प्रारणाचा वाटा मोठा असतो. आपल्या त्वचेचे तापमान ३३-३४ अंश. भोवतालची जमीन, भिंती आणि छत त्याहून गार असतील तर शरीर त्यांना उष्णता देते. जास्त तापलेले असतील तर त्यांच्याकडून घेते. म्हणून खोलीत किती उकडते हे नुसत्या हवेच्या तापमानावरून कळत नाही. हवा ३२ अंश आणि भोवतालचे पृष्ठभाग सरासरी ४० अंश असतील, तर अंगाला जवळपास ३६ अंशांची खोली जाणवते.

जमीन तापवण्याची पद्धत याच प्रारणावर उभी आहे. सर्वांत खाली उष्णतारोधक थर घालतात, म्हणजे उष्णता मातीत मुरून वाया जात नाही. त्यावर प्लास्टिकच्या खास नळीची वेटोळी वीतभर अंतराने पसरतात. नळीवर पाच-सात सेंटिमीटर सिमेंटचा थर आणि वर फरशी. नळीतून ३५ ते ४५ अंशांचे पाणी फिरते. फरशी फार तापवत नाहीत. राहत्या खोलीत २९ अंशांची मर्यादा युरोपातील मानकांनी घातली आहे. दुसरा प्रकार विजेच्या केबलचा. त्याला दर चौरस मीटरला साधारण १०० ते १५० वॅट लागतात.

कल्पना जुनीच आहे. रोमन लोक स्नानगृहांची जमीन बुटक्या खांबांवर उचलून तिच्याखालून भट्टीची गरम हवा फिरवत. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालच्या मार्गांतून नेऊन खोली उबदार ठेवत. त्या रचनेला ओंडोल म्हणतात. काश्मिरातल्या हमामातही दगडी जमिनीखाली लाकडे जाळतात. कोरियात आणि काश्मिरात कडक थंडी आठवड्यांमागून आठवडे मुक्कामाला असते, हे लक्षात ठेवायला हवे.

आता आपला हिशेब. शहापूर-मुरबाडकडे जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या खाली उतरतो, पण दुपारी तिशीच्या आसपास जातो. खरी थंडी रात्रीच्या उत्तरार्धापासून ऊन वर येईपर्यंतची. सिमेंटच्या थरात पुरलेल्या नळ्यांना फरशी तापवायला काही तास लागतात आणि तापलेली फरशी निवायलाही तितकाच वेळ घेते. म्हणजे पहाटेसाठी तापवलेली जमीन सकाळी उन्हे आल्यावरही ऊब सोडत राहणार, जेव्हा ती नको असते. विजेच्या पातळ मॅट लवकर तापतात, पण दहा बाय बाराच्या खोलीला त्या सव्वा किलोवॅटच्या घरात वीज ओढतील. सहा तास अखंड चालल्या तर सात-आठ युनिट गेले. वर्षातल्या मोजक्या आठवड्यांसाठी हा खर्च, आणि केबल बिघडली तर फरशी फोडणे आले.

मग थंडीत फरशीवर पाय टेकवत नाही, त्याचे काय? तिथे प्रश्न तापमानाचा कमी आणि वहनाचा जास्त आहे. एकाच खोलीतली ग्रॅनाइटची लादी आणि लाकडी पाट यांचे तापमान सारखेच असते. ग्रॅनाइट पायाची उष्णता झपाट्याने ओढून घेतो, लाकूड सावकाश घेते. शेणाने सारवलेली जमीन या दोहोंच्या मध्ये बसते. मुरूम-माती भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून आणि चोपण्याने चोपून केलेल्या जमिनीत बारीक पोकळ्या राहतात. वर शेण-मातीचा पातळ लेप. म्हणून थंडीत ती पायाला चटका देत नाही. मात्र तिचे गोडवे गाताना कष्टही मोजले पाहिजेत. दर काही दिवसांनी सारवावे लागते, ते काम बहुधा बाईच्याच वाट्याला येते, आणि पावसाळ्यात ओल धरते. पक्क्या घरात तोच गुण हवा असेल तर बसायच्या-झोपायच्या जागी सतरंजी किंवा चटई पुरते.

या भागातले खरे दुखणे उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा घरात प्रारणाने तापवणारी वस्तू आधीच असते, फक्त ती डोक्यावर असते : पत्रा. दुपारच्या उन्हात पत्रा साठ अंशांपर्यंत तापू शकतो आणि खाली बसलेल्यांवर उष्णता ओततो. पंखा हवा हलवतो, प्रारण अडवत नाही. जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई, आणि मधला माळा छपराची धग अंगावर येऊ देत नसे.

जमीन मात्र आपल्या बाजूने असते. काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर जवळपास वार्षिक सरासरीइतकेच राहते. आपल्याकडे ते सव्वीस-सत्तावीसच्या आसपास. त्या मातीला थेट टेकलेली फरशी मे महिन्यातही त्वचेपेक्षा गार राहते आणि अंगातली उष्णता घेते. उन्हाळी दुपारी माणसे खाटेवरून उतरून जमिनीवर आडवी होतात ती यामुळेच. जमीन तापवायच्या व्यवस्थेतला उष्णतारोधक थर नेमका हाच दुवा तोडतो.

नळ्यांतून गार पाणी सोडून थंडावा आणता येतो. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने २०११ मध्ये एका इमारतीच्या अर्ध्या भागात स्लॅबमधून गार पाणी फिरवले आणि उरलेल्या अर्ध्यात नेहमीचे एसी ठेवले. नळ्यांच्या भागाला एसीपेक्षा सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. पण तिथे हवेतली आर्द्रता काढणारी यंत्रे सोबत होती. आपल्याकडे जूनची दमट हवा गार फरशीला लागली की फरशीला घाम फुटतो आणि पाय घसरतो. उघड्या खिडक्यांच्या घरात गार पाण्याच्या नळ्या टाकल्या तर हा घाम वाढेलच.

तेव्हा घर बांधताना पैसे कुठे घालावेत? जोते रस्त्यापेक्षा आणि पावसाच्या पाण्यापेक्षा चांगले उंच घ्या. सोलिंगवर, पीसीसीच्या खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. ओल वर चढत नाही आणि मातीचा गारवा अडत नाही. शहाबादी किंवा कोटा फरशी उन्हाळ्याला उत्तम. न्हाणीघरात आणि ओट्यावर ती खडबडीत ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये रात्री खिडक्या उघड्या ठेवून फरशी निववून घ्या आणि ऊन चढले की बंद करा. पत्रा असेल तर वरून पांढरा रंग द्या आणि खाली हवेची पोकळी सोडून माळा किंवा छत करा. स्लॅब असेल तर वर सावली करा.

घरात आजारी किंवा फार वृद्ध माणूस असेल, तर त्याच्या खोलीपुरती पहाटे तासभर हीटरची सोय करा; तेवढ्यासाठी फरशी उकलायची गरज नाही. बाकी शहापूर-मुरबाडच्या घराला तापलेल्या जमिनीची गरज नाही. तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसे छपरावर खर्च करा.