सगळं चित्र निळं, मग गिटारच तपकिरी का?

पाब्लो पिकासोचं ‘द ओल्ड गिटारिस्ट’ हे चित्र तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. १९०३-०४ मध्ये बार्सिलोनात रंगवलेलं हे चित्र आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ते वाचायचं कसं?

आधी रंग पाहा. म्हाताऱ्याचं अंग, फाटके कपडे, मागची जागा, सगळं निळसर. १९०१ मध्ये पिकासोचा जिवलग मित्र कासाजेमास याने आत्महत्या केली. पुढची काही वर्षं पिकासोच्या चित्रांत निळा रंग भरून राहिला. इथे वेगळी दिसते ती फक्त तपकिरी गिटार.

आता मांडणी. मान खाली झुकलेली, पाय दुमडलेले, हातपाय काटकुळे. शरीर चौकटीत कोंबल्यासारखं वाटतं. मान वर करायलाही जागा नाही.

आणि प्रतीक? हा वादक आंधळा आहे, एकटा आहे. त्याच्या हाताला लागते ती गिटारच. पोट भरण्याचं साधन तीच आणि सोबतही तीच. म्हणून उबदार रंग तिच्याच वाट्याला आला, असं म्हणता येतं.

पुढच्या वेळी चित्र समजलं नाही, तर एवढंच शोधा: रंग नेमका कुठे बदलतो? अर्थाची वाट बहुतेकदा तिथूनच सुरू होते.