कमरेखालचा वार
‘बिलो द बेल्ट’ हा इंग्रजी वाक्प्रयोग मुष्टियुद्धातला. इंग्लंडचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये केलेल्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरण्यास मनाई होती. आजही पट्ट्याखाली ठोसा मारला तर पंच ताकीद देतात, गुणही कापले जातात.

रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ मुद्दा सोडून घर, आजारपण, रंगरूप यांवर घसरणे. नुसती झणझणीत टीका त्यात मोडत नाही. कमरेखाली वार करू नये, ही कल्पना आपल्याकडे जुनीच. गदायुद्धात भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर प्रहार केला, तेव्हा बलराम याच कारणाने खवळला होता.

अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीच्या प्रचारसभांत ‘कमरेखालचे वार’ हा आरोप ठरलेला. तो करणारेही बहुधा नामानिराळे नसतात.