टीव्ही पाहणारी कॅथी

१९६४ साली अमेरिकेत ‘फ्लिपर’ नावाची टीव्ही मालिका सुरू झाली आणि पुढची तीन वर्षं लहानथोर तिच्या नादी लागले. फ्लिपर हा डॉल्फिन. कुणी संकटात सापडलं की हा मदतीला हजर! पडद्यावर तो एकच दिसायचा, पण प्रत्यक्षात पाच डॉल्फिन आळीपाळीने ती भूमिका करत. त्यांतल्या दोघी मुख्य होत्या, सूझी आणि कॅथी. त्यांना शिकवायचा रिक ओबॅरी नावाचा तरुण. मायामी सीक्वेरियममध्ये तळ्याकाठी मालिकेतलं घर होतं, तिथेच तो राहायचा.

मालिकेची वेळ झाली की ओबॅरी लांबलचक वायर ओढत टीव्ही धक्क्याच्या टोकाशी नेऊन ठेवायचा, डॉल्फिननाही पाहता यावी म्हणून. तो सांगतो की पडद्यावर कॅथीचा प्रसंग आला की कॅथी स्वतःला ओळखायची आणि सूझीचा आला की सूझी. वागण्यावरून ते त्याला कळायचं. पाण्यात राहणाऱ्या, हात नसलेल्या जिवाला ‘ही मी’ हे उमगतं?

एका माणसाच्या निरीक्षणावर विज्ञान विसंबत नाही, आणि ते योग्यच आहे. पण २००१मध्ये डायना राइस आणि लोरी मरिनो यांनी न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या दोन डॉल्फिनवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अंगावर सहज न दिसणाऱ्या जागी शाईची खूण करायची आणि तलावात आरसा ठेवायचा. कधी नुसताच, शाई नसलेला मार्कर टेकवायचा, म्हणजे स्पर्शाचा परिणाम वेगळा काढता येतो. डॉल्फिन आरशाशी गेले आणि खूण असलेली बाजू दिसेल असं अंग वळवून पाहू लागले. आरशात दिसतंय ते आपलंच शरीर आहे, हे कळल्याशिवाय असं कोण करेल? प्राणिजगतात ही कसोटी पार करणारे फार थोडे आहेत.

अशा जिवाला शिकवायचं कसं? मारून-ओरडून काहीच साधत नाही, कारण डॉल्फिन सरळ तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. सगळा कारभार एका शिट्टीवर चालतो. आधी शिट्टी आणि लगेच मासा, असं पुन्हा पुन्हा केलं की शिट्टी म्हणजे ‘बरोबर!’ हे त्याच्या मनात पक्कं होतं. डॉल्फिन हवेत सर्वांत उंच असतो त्या क्षणी तोंडात मासा कसा देणार? शिट्टी मात्र तिथेही पोहोचते. नेमक्या कुठल्या हालचालीबद्दल शाबासकी मिळाली, ते त्याला तत्क्षणी कळतं. बादलीतले मासे बहुधा बर्फात गोठवून ठेवलेले असतात. त्यात त्यांचं ‘ब१’ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून कल्ल्यात गोळी खुपसून तो मासा भरवतात. टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांना ही गोळी दिसत नाही.

शिट्ट्यांची गोष्ट इथेच संपत नाही. बॉटलनोज डॉल्फिनची प्रत्येकाची स्वतःची वेगळी शिट्टी असते. तिची नक्कल ऐकवली की ते उत्तर देतात, जणू कुणी नावाने हाक मारली. त्यांची झोपही विलक्षण असते. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो. आणि त्यांचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. प्रत्येक श्वास त्यांना ठरवून घ्यावा लागतो.

ही शेवटची गोष्ट ओबॅरीला फार जवळून पाहावी लागली. मालिका संपल्यावर कॅथी तलावातच राहिली. १९७०मध्ये ती त्याच्या मिठीत आली, एक श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. ती आत्महत्याच होती असं ओबॅरी आजवर सांगत आला आहे. ते सिद्ध करता येण्यासारखं नाही, पण तो माणूस त्या दिवसानंतर बदलला, हे खरं. काही दिवसांतच बहामातल्या बिमिनी बेटावर एका प्रयोगशाळेच्या बंदिस्त पाण्यातला डॉल्फिन सोडवायला तो गेला, आणि त्यासाठी त्याला तुरुंगवास घडला. ती तारीख होती २२ एप्रिल, पहिला वसुंधरा दिन.

आणि टीव्ही पुन्हा त्याच्याकडे वळला. जपानमधल्या ताइजीच्या डॉल्फिन-हत्येवरच्या ‘द कोव्ह’ या माहितीपटात तो मध्यभागी आहे. २०१०मध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी ‘ब्लड डॉल्फिन्स’ ही रिअ‍ॅलिटी मालिका आली आणि तिच्यात तो मुलासह कॅमेऱ्यासमोर होता. ज्या माध्यमाने डॉल्फिनना तलावात लोकप्रिय केलं, त्याच माध्यमातून त्यांच्या सुटकेची बाजू मांडणारा दुसरा प्रशिक्षक मला माहीत नाही.

भारताने २०१३मध्ये डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या डॉल्फिनेरियमना परवानगी न देण्याचं धोरण जाहीर केलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपल्याला तर तलावाची गरजही नाही. मालवण, दापोली, गोवा इथल्या किनाऱ्यांवर मोकळे डॉल्फिन दिसतात. इंजिनाच्या आवाजात त्यांना एकमेकांच्या शिट्ट्या ऐकू येणं अवघड जातं. तेव्हा तिथे गेलात तर होडीवाल्याला एवढं सांगाच, ‘दादा, पाठलाग नको, इंजिन बंद करा, आम्ही थांबतो.’